तक्रारवहीतलं गाव

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वन्संनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं, मला एकच प्रश्न विचारला.

"अक्षर कसं आहे तुझं?"

स्वयंपाक येतो का, लवकर उठतेस का, असं काहीतरी विचारतील म्हणून मी तयारीत होते. माहेरी सगळ्यांनी मला घाबरवूनच पाठवलं होतं. नणंद बिनलग्नाची आहे, नोकरी करते, नाकावर माशी बसू देत नाही, जपून राहा. मी चाचरत म्हटलं, बरं आहे. तशी त्यांनी कागद आणि पेन्सिल पुढे केली आणि मला लिहायला सांगितलं, बाकाच्या तिसऱ्या फळीचा खिळा वर आला आहे. मी लिहिलं. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"वेलांट्या फार उडतात तुझ्या. बाकी ठीक," त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. परीक्षा संपली होती. मी पास झाले की काठावर सुटले, हे मला पुढची बरीच वर्षं कळलं नाही.

आमचं घर धक्क्याला लागून होतं. खाली दोरखंडांचं गोदाम आणि वर आमच्या दोन खोल्या. खिडकी उघडली की खाडी, आणि खाडीपलीकडे मोठं गाव. इस्पितळ तिकडे, कॉलेज तिकडे, कचेरी तिकडे, बरी चप्पल घ्यायची तरी तिकडेच. लाँचनं वीस मिनिटं लागायची. रस्त्यानं जायचं तर बस सगळ्या खाडीला वळसा घालून दोन तासांनी पोचायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा तो रस्ता होता.

लाँचवर माणसं दोनच. सुकाणू धरायचे ते सारंगकाका, आणि खाली इंजिनाजवळ आमचे हे. धक्क्यावर तिकिटाची खिडकी होती आणि तिच्यामागे वन्सं. गावात त्यांना त्यांच्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे खिडकीताई म्हणत. लोक त्यांना इतकी वर्षं फक्त कमरेच्या वर बघत आले होते, की एकदा त्या बेकरीत चालत आल्या तेव्हा बेकरीवाला म्हणाला, ताई, तुम्हाला पाय आहेत होय. वन्सं म्हणाल्या, आहेत, पण तुझा पाव आणायला आणखी झिजवायचे नाहीत, उद्यापासून खिडकीवर आणून दे. आणि तो देऊ लागला.

त्या खिडकीच्या डाव्या बाजूला एका खिळ्याला दोरीनं तक्रारवही बांधलेली असे. दुसऱ्या दोरीला पेन्सिल. कचेरीचा नियमच होता तसा. अशी वही पुष्कळ ठिकाणी असते, आणि तिच्या पहिल्या पानावर कुणीतरी शिवी लिहिलेली असते, पुढची पानं कोरी. आमची वही वर्षाला एक संपायची.

त्याचं कारण वन्संची एक रीत. तक्रार आली की संध्याकाळच्या आत तिच्याखाली लाल शाईनं उत्तर पडलंच पाहिजे. काय केलं, कुणी केलं, आणि केलं नसेल तर का नाही. लाल ओळ लिहिल्याशिवाय त्या खिडकी बंद करत नसत. मी आले तेव्हा तो खिळा खरोखरच वर आलेला होता. मूळ तक्रार शिंपीणबाईंची होती. त्यांनी लिहिलं होतं, "बाकाच्या तिसऱ्या फळीचा खिळा वर आला आहे. त्यात अडकून माझा कोट फाटला. हा कोट मी भाचीच्या लग्नासाठी शिवला होता." खाली लाल शाईत, "खिळा ठोकला. भाचीला शुभेच्छा. मुलगा काय करतो?" दुसऱ्या दिवशी त्याखाली पुन्हा पेन्सिलीनं, "मुलगा गवंडी आहे. स्वभावाने शांत. खिळा पुन्हा वर आला आहे."

असं ते चालायचं. कुणीतरी लिहायचं, सारंग धक्क्याजवळ येताना भोंगा फार जोरात वाजवतो, आमची बाळंतीण लेक दचकते, मुलगा झाला, दोघं सुखरूप. खाली लाल ओळ, अभिनंदन, उद्यापासून भोंगा अर्धाच. आणि खरोखरच चाळीस दिवस सारंगकाकांनी अर्धाच भोंगा दिला. तो इतका केविलवाणा वाजायचा, की लोकांनी वहीत लिहिलं, लाँचला सर्दी झाली आहे काय. एकानं तक्रार केली की डेकवर पक्ष्यांची घाण असते, आणि जाता जाता हेही लिहिलं की आपण आता धाकट्या भावाशी बोलू लागलो आहोत. लाँचची वाट बघत बसलेली माणसं ही वही वाचायची. आमच्या गावाला वर्तमानपत्र नव्हतं. कुणाकडे काय झालं, कोण आजारी, कुणाची म्हैस व्याली, हे आम्हाला सगळं तक्रारींतूनच कळायचं. चांगली बातमी नुसती सांगायची आमच्या लोकांना लाज वाटे. कुरकुरीत गुंडाळून दिली की बरं वाटे.

सगळ्यांत जास्त तक्रारी उशिराच्या, आणि त्यातल्या निम्म्या घड्याळमास्तरांच्या. शाळेतून निवृत्त झालेले हे मास्तर रोज सव्वाआठच्या लाँचनं पलीकडच्या वाचनालयात जायचे. हातात घड्याळ, खिशात दुसरं घड्याळ. एकावर त्यांचा विश्वास नव्हता आणि दुसऱ्यावर मुळीच नव्हता. लाँच सुटली की ते मिनिटं मोजत आणि संध्याकाळी परत आले की लिहीत, "आज चार मिनिटे उशीर." "आज सहा मिनिटे उशीर. ही कसली शिस्त?"

उशीर व्हायचा, हे खरंच होतं. आणि तो का व्हायचा हे सगळ्या गावाला माहीत होतं. बाजाराकडून धक्क्याकडे एक लांब उतार येतो. सारंगकाकांची सवय अशी, की सुटायच्या वेळी उतारावर कुणी धावताना दिसलं तर ते दोर सोडत नसत. त्यांच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे. आमचे हे खालून ओरडायचे, काका, इंजिन तापतंय. काका वरून म्हणायचे, तापू दे, बाई पण तापलीय धावून. लाँचमध्ये बसलेले सगळे मग कुरकुरायचे. आणि त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी त्या उतारावरून धावलेला होता.

वन्सं या तक्रारींखालीही लाल ओळ लिहीत. "चार मिनिटे. नर्सबाई उतारावर होत्या." "सहा मिनिटे. पाटीवाली आजी. गुडघे दुखतात." पुन्हा असे होणार नाही, असं त्यांनी कधीच लिहिलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "जे होणार आहे, ते होणार नाही असं कसं लिहू?"

माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

कचेरीतून एक लांबलचक छापील कागद आला. गेल्या दहा वर्षांत एकूण किती तक्रारी आल्या, कोणत्या प्रकारच्या, ते रकान्यांत भरून आठ दिवसांत पाठवावे. रकाने होते उशीर, आसनव्यवस्था, स्वच्छता, कर्मचाऱ्यांचे वर्तन आणि इतर. लाल ओळींसाठी रकाना नव्हता. वन्संनी दहाही वह्या घरी आणल्या. आम्ही दोघी चार दिवस दुपारी जमिनीवर बसून मोजत होतो. त्या वाचायच्या आणि मी रेघा ओढायची. मध्येच एखादी जुनी तक्रार निघे आणि आम्ही हसत सुटायचो, मग मोजलेलं विसरायचो, मग पहिल्यापासून. शेवटी आकडे निघाले. उशिराच्या तक्रारी एक हजार नऊशे चाळीस.

यांनी तो आकडा पाहिला आणि कपाळाला हात लावला. बहिणीला म्हणाले, ताई, दोनशे लिही, कोण मोजायला येतंय. सारंगकाकांनी तर सुचवलं की वह्या पाण्यात पडल्या असं सांगू, पाडायचं काम मी करतो. वन्संनी ऐकून घेतलं.

"लोकांनी खरं लिहिलंय. ते मी खोटं कशाला करू?" एवढंच म्हणाल्या, आणि कागद माझ्यापुढे सरकवला. माझं अक्षर कचेरीला वाचता येईल असं होतं. तेव्हा तो आकडा गेला तो माझ्या हातचा. वेलांट्या आवरून, सुंदर, ठळक.

महिन्याभरानं उत्तर आलं. लाँचसेवेबद्दल जनतेत तीव्र असंतोष असल्याचे निदर्शनास आले असून सदर सेवा बंद करून तिच्या जागी बसच्या फेऱ्या वाढवण्याचे योजले आहे. हरकत असल्यास अमुक तारखेस सकाळी दहा वाजता धक्क्यावरील प्रतीक्षालयात सुनावणी होईल.

त्या कागदानं गावावर जणू थंड पाणी ओतलं. असंतोष? आमचा? लाँचवर? लोक एकमेकांना विचारू लागले. आपण कुरकुर केली म्हणजे काय लाँच नको म्हटलं? घरच्या माणसावर माणूस करवादतो, म्हणून काय कुणी येऊन त्याला उचलून न्यायचं? पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हे कोण सांगणार. आणि दोष द्यायला कुणीतरी लागतं. तो वन्संवर आला. हात दाखवून अवलक्षण, असं बेकरीवाला उघड म्हणाला, आणि त्या आठवड्यात पाव खिडकीवर आला नाही. नर्सबाईंची नोकरीच पलीकडे होती. बसनं रोज चार तास जाण्यायेण्यात घालवले तर घरी म्हाताऱ्या आईकडे कोण बघणार, म्हणून त्या खिडकीशी तिकीट घेताना रडल्या, आणि वन्संशी एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या घरातही तीच तऱ्हा. हे जेवताना ताटाकडे बघून जेवायचे. लाँच गेली तर यांचं इंजिन जाणार होतं, आणि वन्संची खिडकी. एकाच घरातल्या दोन नोकऱ्या. मी मधल्यामध्ये. कुणाची बाजू घ्यावी, तर आकडा माझ्याच अक्षरातला.

सगळ्यांत वाईट म्हणजे वही कोरी पडली. त्याच सुमारास नवीन वही लावलेली होती, आणि तिच्यावर कुणी पेन्सिल टेकवेना. लाँच नऊ मिनिटं उशिरा सुटली तरी घड्याळमास्तर खाली मान घालून घरी. बाकाची फळी मोडली, कुणी लिहिलं नाही, लोक मोडक्या बाकावर तिरके बसून राहिले. नर्सबाईंची बदली चांगल्या वॉर्डात झाली, ते आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. शिंपीणबाईंच्या त्याच भाचीला मुलगी झाली, तेही कुणाला ठाऊक नाही. माणसं शेजारीशेजारी बसून खाडीकडे बघत. तोंडाला कुलूप लावलेलं गाव कसं दिसतं ते मी तेव्हा पाहिलं.

वन्सं रोज सकाळी जाऊन पेन्सिलीला टोक काढायच्या. वापरलेली नसायची, तरी काढायच्या. पेन्सिल बोटाएवढी झाली. गावानं बोलणं टाकलं त्याचं त्यांनी कधी काही म्हटलं नाही. पण एक दिवस घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, आज पण कुणी काही लिहिलं नाही." तेव्हा त्यांचा आवाज मी पहिल्यांदा तसा ऐकला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी बेकरीत सगळे जमले आणि ठरलं की साहेबापुढे फक्त कौतुक करायचं. तक्रारीचा ब्र काढायचा नाही. मास्तरांनाही बजावलं. ते म्हणाले, मी खोटं बोलणार नाही. मग असं ठरलं की मास्तर काहीच बोलणार नाहीत.

साहेब बसनं आले. दहाची सुनावणी, ते दहा वाजून गेल्यावर धुळीनं माखलेले उतरले. चेहऱ्यावरून बिचारे भले वाटत होते. टेबलामागे बसून पाणी प्यायले आणि लोकांना म्हणाले, बोला.

काय सांगू, आमच्या लोकांना कौतुक करता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. बेकरीवाला उभा राहिला आणि पाठ केल्यासारखा म्हणाला की लाँच अतिशय सुंदर आहे. शिंपीणबाई म्हणाल्या, बाकं फार मऊ आहेत. त्या त्याच वेळी मोडक्या फळीवर बसलेल्या होत्या. नर्सबाई म्हणाल्या की लाँच आजपर्यंत एकदाही उशिरा सुटलेली नाही. मागून कुणाला तरी खोकला आला. सारंगकाका छपराकडे बघत होते. मास्तरांचा चेहरा असा झाला होता की जणू कुणीतरी त्यांचा दात उपटतंय.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. शांतपणे म्हणाले, "मग या एक हजार नऊशे चाळीस तक्रारी कुणी लिहिल्या? एक तर तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत, नाही तर आता खोटं बोलताय."

  साहेबांच्या हातात तो माझा कागद होता.

तेव्हा वन्सं खिडकीच्या मागून उठल्या, दार उघडून बाहेर आल्या. हातात दहा वह्यांची चळत, हनुवटीपर्यंत. त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"साहेब, आता खोटं बोलतायत," त्या म्हणाल्या. "तेव्हाचं खरं होतं. लाँच उशिरा सुटते."

बेकरीवाल्यानं डोळे मिटून घेतले. हे माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होते, आता संपलंच अशी.

वन्संनी मधली एक वही काढली, कुठलंही पान उघडलं आणि वाचायला लागल्या. तक्रार वाचायच्या आणि मग लाल ओळ. वाचताना आवाजात चढउतार नाही, रोज तिकीट देताना असायचा तसाच. पाच मिनिटे, शाळेच्या परीक्षेला जाणाऱ्या दोन मुली. तीन मिनिटे, नर्सबाई. सात मिनिटे, गवंड्याच्या पायावर दगड पडला होता, दोघांनी उचलून आणला. दोन मिनिटे, नर्सबाई. चार मिनिटे, पाटीवाली आजी, पाटी सांडली, सगळ्यांनी वेचली. दोन मिनिटे, पुन्हा नर्सबाई. नर्सबाई पदरात तोंड लपवायला बघत होत्या. लोक हळूहळू ताठ बसले. त्या वहीत प्रत्येकाला आपण धावताना दिसत होतो.

पुढचं पान त्यांनी उघडलं आणि थांबल्या. वही मास्तरांपुढे धरली. म्हणाल्या, हे तुमचं तुम्हीच वाचा.

मास्तर उठले. दोन्ही घड्याळं बघितली, का ते त्यांनाच माहीत. मग वाचलं. "काल सव्वाआठची लाँच अकरा मिनिटे उशिरा सुटली. कारण मी. पत्नीस झोळीत घालून आणताना उतारावर वेळ लागला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर पोचलात. तरीही उशिराची नोंद व्हावी."

साहेबांनी विचारलं, आणि खाली लाल शाईत काय आहे? मास्तरांना ते वाचता येईना. अक्षर स्वच्छ होतं, पण वाचता येईना. साहेबांनी वही घेतली आणि स्वतः वाचलं. "नोंद केली. बाईंना काय हवं नको ते कळवावे."

 खाली धक्क्याला पाणी लागत होतं, तेवढाच आवाज.

मग साहेबांनी वन्संना विचारलं, "हे तुम्ही आमच्या कागदात का लिहिलं नाहीत?"

"रकाना नव्हता," वन्सं म्हणाल्या. आणि जरा थांबून, "साहेब, तुमच्या बसमध्ये तक्रारवही आहे का?"

साहेब म्हणाले, आहे, पण ती कोरी आहे.

"असणारच. ज्या दारात कुणी जात नाही, तिथं कुरकुर कोण करणार? या दहा वह्यांत लाँच नको असं एकानं एकदा तरी लिहिलं असेल, तर ती ओळ मला दाखवा. मी आज खिडकी बंद करते."

साहेबांनी ती ओळ शोधली, हे मला आजही आवडतं. नुसतं बरं बरं म्हणून उठले नाहीत. टेबलाशी बसून दुपारपर्यंत वह्या चाळत राहिले. सुरुवातीला कपाळाला आठ्या होत्या. नंतर एकदा हसले. नंतर त्यांनी मला विचारलं, या भाचीचा नवरा गवंडी, त्या खिळ्याचं पुढे काय झालं? मी सांगितलं, त्यानंच येऊन फळी बदलून दिली, सासरच्या गावाला पहिली भेट म्हणून. परतीची बस तोवर निघून गेली होती. ते चारच्या लाँचनं गेले. चारची लाँच चार वाजून तीन मिनिटांनी सुटली, कारण शिंपीणबाई उतारावर होत्या. साहेब कठड्याला धरून उभे होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग उतार बघितला, आणि हात खिशात घातला.

त्या संध्याकाळी कोऱ्या वहीत पहिली तक्रार पडली. अक्षर मास्तरांचं. "आजची सुनावणी दहाची होती. ती दहा वाजून अठरा मिनिटांनी सुरू झाली." त्याच्याखाली लाल ओळ, "साहेब बसने आले."

त्यानंतर दुसऱ्या दिवशी वहीशी रांग लागली. तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. मोडकी फळी, भाचीची मुलगी, नर्सबाईंचा नवा वॉर्ड. बेकरीवाल्यानं लिहिलं की खिडकीताई हल्ली पाव मागत नाहीत, ही कसली वागणूक. वन्संनी खाली लिहिलं, "दोन पाव. कालचे नकोत."

पंधरा दिवसांनी कागद आला की सेवा चालू राहील. सोबत नवा छापील तक्ता होता, आणि त्यात उशिराच्या पुढे एक जास्तीचा रकाना. उशिराचे कारण. वन्संनी तो तक्ता बोटानं चाचपून पाहिला. त्या आनंदानं उड्या मारणाऱ्यांतल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या की रकाना अरुंद केलाय, आजीची पाटी मावायची नाही.

पुढे अकरा वर्षांनी त्या निवृत्त झाल्या, आणि खिडकी माझ्याकडे आली. अक्षर कसं आहे हे पहिल्याच सकाळी का विचारलं होतं, ते मला तेव्हा कळलं. बाईनं वीस वर्षं आधी बघून ठेवलं होतं.

त्यांच्या शेवटच्या दिवशी यांनी आणि सारंगकाकांनी एक बेत केला होता. दिवसाच्या सगळ्या लाँच अगदी मिनिटाला मिनिट वेळेवर सोडायच्या, ताईंचा मान म्हणून. इंजिन आदल्या दिवशी पुसून लखलखीत केलं. लोकांनाही सांगितलं, आज कुणी धावायचं नाही, लवकर या. आणि लोक आले. एकही लाँच अर्धा मिनिटसुद्धा चुकली नाही. संध्याकाळची शेवटची लाँच सुटली तेव्हा घड्याळमास्तर, आता बरेच वाकलेले, दोन्ही घड्याळं वर करून सगळ्यांना दाखवत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

वन्संनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मग खिडकीच्या बाहेरच्या बाजूला गेल्या आणि वही उघडली. एकतीस वर्षांत त्यांनी पेन्सिलीनं त्या वहीत एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी आतून बघत होते. त्यांनी लिहिलं, आणि मागे न बघता घराचा जिना चढून गेल्या.

"आज शेवटची लाँच वेळेवर सुटली. थोडा उशीर चालला असता."

आता संध्याकाळच्या आत लाल ओळ लिहायचं काम माझं होतं. पहिलीच. मी पेन हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. पुन्हा असे होणार नाही, हे लिहिता येत नव्हतं. त्यांनीच शिकवलं होतं. उजेड जायला लागला तेव्हा लिहिलं, वेलांट्या आवरून.

"बाकाची तिसरी फळी पक्की आहे. रोज येऊन बसावे."

दुसऱ्या दिवशी सव्वाआठच्या आधी त्या येऊन बसल्या. पुढे रोज. माझ्याकडे बघायच्या नाहीत, खाडीकडे बघायच्या. पण आठवड्याभरानं वहीत माझ्याविरुद्ध तक्रार आली की खिडकी दोन मिनिटं उशिरा उघडते, आणि अक्षर ओळखायला मला कुणाची गरज पडली नाही.